सापाच्या विषाचं औषध: बातमी कशी तपासायची, आणि अंगावर जखम असेल तर आधी काय करायचं

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात माझा भाचा चोपड्याला माझ्याकडे आला. शर्टाची डावी बाही कोपरापर्यंत दुमडलेली. मनगटापासून चार बोटं वर दहाच्या नाण्याएवढी जखम, मधे खपली, कडा उचललेल्या. ती जखम चार-पाच महिन्यांची होती, मला फोनवर सांगितलेली. नवीन होतं ते तिच्याभोवतीचं लालभडक, सोललेलं, पाणी सुटलेलं कातडं.

"काय लायं रे याले?"

"सापना इखनं तेल शे, मावशी. पंधरा दिनमा बरं व्हस म्हने. पन भलती आग व्हई ऱ्हायनी."

आठवडे बाजारातून साडेतीनशे रुपयांना घेतलेली बाटली त्याने पिशवीतून काढली. लेबलवर फणा काढलेला नाग, वास कापराचा आणि निलगिरीचा. मोबाईलमध्ये एक बातमी जपून ठेवलेली: सापाच्या विषात त्वचेच्या जखमेचा परजीवी मारणारा घटक ब्राझीलच्या शास्त्रज्ञांना सापडला. विकणाऱ्याने हीच बातमी दाखवून बाटली खपवली होती.

बातमी खरी होती. बाटली खोटी होती. पोरगं शिकलेलं, आयटीआय झालेलं, तरी फसलं, कारण खऱ्या बातमीच्या आडोशाला खोटी बाटली उभी होती. मी एकतीस वर्षं लॅब टेक्निशियन म्हणून मायक्रोस्कोपपुढे काढली. मलेरियाचे, टीबीचे, कुष्ठरोगाचे स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेले नमुने, पाहिले. अशा बातमीपासून औषधाच्या दुकानापर्यंत किती लांबचा रस्ता असतो ते मला ठाऊक आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते.

बातमी बाजूला ठेवा, आधी जखम बघा

तीन-चार आठवड्यांत न भरलेली कुठलीही जखम तपासून घ्यायची, मग ती दुखो वा न दुखो. न दुखणारी तर आधी. आपल्याकडे न भरणाऱ्या जखमेमागे साखर असते, त्वचेचा टीबी असतो, कुष्ठरोग असतो, बुरशी असते. कापसाच्या वेचणीत, केळीच्या बागेत काट्याकुट्याने झालेली जखम चिघळलेली असते. यातलं प्रत्येकाचं औषध वेगळं. म्हणून "कुठली ट्यूब लावू?" हा पहिला प्रश्न नाही. "ही जखम कशाची आहे?" हा पहिला प्रश्न.

माझा भाचा दहा महिने बिकानेरकडे सोलर प्लांटच्या कामावर होता. सगळी उकल या एका वाक्यात होती, आणि तीन महिने त्याला कुणी ते विचारलंच नाही. एका दवाखान्यात अँटिबायोटिकची ट्यूब मिळाली, दुसरीकडे बुरशीची. त्यानेही आपणहून सांगितलं नाही, कारण हाताच्या जखमेचा आणि नोकरीच्या गावाचा संबंध काय, असं त्याला वाटलं.

संबंध असा. लिशमॅनिया नावाचा एकपेशीय परजीवी आहे. वाळूमाशी चावली की तो अंगात येतो. ही माशी डासाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढी, आवाज न करणारी, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावणारी. याच परजीवीच्या एका जातीने बिहारकडे काळा आजार होतो, त्यात प्लीहा वाढते. दुसऱ्या काही जातींनी नुसती कातडीवर जखम होते. भारतात हा त्वचेचा प्रकार राजस्थानात, विशेषतः बिकानेरच्या बाजूला, हिमाचलात सतलजच्या खोऱ्यात आणि केरळच्या डोंगराळ भागात आढळतो. बाहेर इराण, इराक, सीरिया, अफगाणिस्तान, सौदी आणि दक्षिण अमेरिका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने वर्षाला ६ ते १० लाख लोकांना हा त्वचेचा प्रकार नव्याने होतो. खान्देशातला हा आजार नाही, म्हणूनच इथे तो पटकन कुणाच्या डोक्यात येत नाही. धुळे, जळगाव, नंदुरबारची किती पोरं आज राजस्थानात, आखातात कामाला आहेत! तेव्हा डॉक्टरकडे जाताना एका चिठ्ठीवर लिहून न्या: गेल्या दोन वर्षांत कुठे कुठे राहिलो, कुठे झोपायचो, जखम कधी दिसली, आधी पुळी होती का, काय काय लावलं. बरोबर कामाला असलेल्या कुणाला तशीच जखम आहे का, हेही लिहा. दर रविवारी जखमेशेजारी रुपयाचं नाणं धरून फोटो काढा. वाढली की आटली ते नाणं सांगतं.

आणि डॉक्टरांना थेट विचारा, "स्मिअर करता येईल का?" धुळ्याला आणि जळगावला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथल्या त्वचारोग विभागात जाणं सगळ्यात सोपं.

स्मिअर म्हणजे काय करतात

लोक "कातडी कापणार" म्हणून घाबरतात, म्हणून जरा जवळून सांगते. जखमेच्या मधोमध काही घ्यायचं नसतं. तिथे मेलेल्या पेशी आणि पू असतो. घ्यायचं ते उचललेल्या कडेवरून. कड दोन बोटांत चिमटीत घट्ट धरायची, रक्त मागे सरेपर्यंत, आणि ब्लेडच्या टोकाने हलकं खरवडायचं. जे ओलसर येतं ते काचेवर पसरायचं, वाळवायचं, मिथेनॉलमध्ये पक्कं करायचं, मग जिम्साच्या रंगात ठेवायचं.

भाच्याची स्लाईड मला दाखवा म्हणून मी विनंती केली, आणि तिथल्या टेक्निशियन मुलीने प्रेमाने खुर्ची दिली. ऑइल इमर्शनखाली, म्हणजे मायक्रोस्कोपच्या तेल लावून वापरायच्या भिंगाखाली, पहिली पाच मिनिटं काहीच नाही, नुसती फाटकी पेशीद्रव्यं. मग एक मोठी मॅक्रोफेज पेशी आली. मॅक्रोफेज म्हणजे आपल्या रक्षणाची, जंतू गिळणारी पेशी. तिच्या पोटात राळ्याचे दाणे सांडावेत तसे बारा-पंधरा ठिपके. प्रत्येक दाणा तांबड्या पेशीच्या निम्म्याहून लहान, फिकट निळा, त्यात एक जांभळा गोल आणि शेजारी एक बारीकशी काडी. गोल म्हणजे केंद्रक, काडी म्हणजे कायनेटोप्लास्ट. ती काडी दिसली की शंका उरत नाही. १९०३ मध्ये लिशमन आणि मद्रासचे डोनोव्हन या डॉक्टरांनी असेच दाणे जगापुढे मांडले, म्हणून आम्ही लॅबवाले यांना अजून एलडी बॉडी म्हणतो.

हे चित्र डोळ्यांपुढे ठेवा, कारण विषाची बातमी वाचताना ते लागणार आहे. जी पेशी जंतू खाते, तिच्याच पोटात हा जंतू घर करून बसलेला असतो. त्याला मारायचं तर आपली पेशी न मारता मारायला हवं.

आता बातमी उघडा

पहिला प्रश्न: सापाचं विष की विषातला एक घटक? विष हे एक द्रव्य नसतं. त्यात कितीतरी प्रथिनं असतात. कुणी रक्त गोठवतं, कुणी स्नायू फोडतं, कुणी मज्जातंतू बंद पाडतं. शास्त्रज्ञ त्यातून एकच प्रथिन वेगळं काढतात आणि त्याची परीक्षा घेतात. बातमीत "विषाने रोग बरा" असा मथळा असला तरी आत बहुतेक वेळा एकाच प्रथिनाचं नाव असतं. ते शोधा.

या रोगाच्या बाबतीत ज्यावर बरंच काम झालं ते म्हणजे एल-अमिनो ॲसिड ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम. नाव अवघड आहे, काम सोपं आहे. अनेक सापांचं विष पिवळसर दिसतं. तो पिवळेपणा मुख्यतः याच एन्झाइममुळे, कारण त्यात ब-२ जीवनसत्त्वापासून बनलेला भाग असतो. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी पिवळी होते ना, तोच हा पिवळा. हे एन्झाइम अमिनो आम्लांवर काम करतं आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. म्हणजे पूर्वी जखम धुवायला दवाखान्यात वापरायचे, लावलं की फसफस फेस यायचा, तेच.

२००१ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी बोथ्रॉप्स मूजेनी नावाच्या सापाच्या विषावरचं काम छापलं. हा आपल्या घोणस-फुरशांच्याच कुळातला. त्यांनी दाखवलं की विषातलं हे एन्झाइम लिशमॅनियाला मारतं, आणि मारतं ते पेरॉक्साइडच्या जोरावर. हे सिद्ध करायची युक्ती मला फार आवडते. त्यांनी मिश्रणात कॅटालेज घातलं. कॅटालेज पेरॉक्साइड फोडून त्याचं पाणी आणि प्राणवायू करतं. ते घातल्यावर मारा थांबला. चोर पकडायचा तर असा पकडावा! लिशमॅनियाकडे स्वतःचं कॅटालेज नसतं, म्हणून पेरॉक्साइडचा मार त्याला सोसवत नाही.

आणि इथेच अडचण आहे. जखमेवर फेस का यायचा? कारण आपल्या पेशींत आणि रक्तात कॅटालेज भरपूर असतं. म्हणजे जे कॅटालेज घातल्यावर प्रयोगातला परिणाम गेला, ते आपल्या अंगात आधीच आहे. काचेच्या ताटलीत परजीवीभोवती अमिनो आम्लांचं खाद्य असतं, एन्झाइमला काम करायला मोकळं रान मिळतं. हाडामांसाच्या हातात तसं नसतं. माझ्या मते ही एकच गोष्ट नीट कळली तर निम्म्या बातम्यांचं वजन आपोआप कळतं.

दुसरा प्रश्न: परजीवीची कुठली अवस्था मारली? वाळूमाशीच्या पोटात लिशमॅनिया लांबुडका, शेपटी असलेला, पोहणारा असतो. त्याला प्रोमॅस्टिगोट म्हणतात. प्रयोगशाळेत वाढवायला हाच सोपा, म्हणून पहिले प्रयोग बहुधा याच्यावर होतात. माणसाच्या जखमेत असतो तो दुसरा, मॅक्रोफेजच्या पोटातला गोल दाणा, अमॅस्टिगोट. बातमीत पहिला मेला असेल तर ती सुरुवात आहे. दुसरा मेला असेल, तोही पेशी जिवंत राहून, तर ते पुढचं पाऊल आहे.

तिसरा प्रश्न त्याला जोडूनच: आपल्या पेशींचं काय झालं? समजा एखादं प्रथिन निम्मे परजीवी मारायला २ मायक्रोग्रॅम लागतं आणि आपल्या निम्म्या पेशी ४ मायक्रोग्रॅमला मरतात. मग ते औषध नाही, नुसतं विष आहे. साधारण दहापट किंवा त्याहून जास्त अंतर असेल तर संशोधक पुढे जायचा विचार करतात. विषातलं फॉस्फोलायपेज ए-२ हे दुसरं बरंच तपासलेलं प्रथिन. ते पेशीच्या आवरणातली चरबी तोडतं. परजीवीचं आवरणही तोडतं, पण त्याच्या काही जाती स्नायूही फोडतात. दक्षिण अमेरिकेतल्या खुळखुळ्या सापाचं क्रोटॉक्सिनही असंच दुधारी.

चौथा: ताटलीत, उंदरात की माणसात? उंदरात झालं असेल तर जखम किती आटली, काही आठवड्यांनी परत आली का, ते बघा. सापाच्या विषापासून बनवलेलं, लिशमॅनियाच्या जखमेसाठी मंजूर झालेलं औषध आज कुठल्याही दुकानात मिळत नाही. म्हणून ते कुणी विकत असेल तर प्रश्न तिथेच संपतो.

पाचवा: ते आत पोचणार कसं? डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप. शाबूत कातडीतून ५०० डाल्टनपेक्षा मोठा रेणू सहसा जात नाही. आपलं पिवळं एन्झाइम लाख डाल्टनच्या वर आहे. तोंडाने घेतलं तर पोटात डाळीसारखं पचून जाईल. तेलात उकळलं तर अंड्यासारखं शिजून निकामी होईल. म्हणून संशोधक त्याचा छोटा तुकडा शोधतात, किंवा चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत भरून मॅक्रोफेजपर्यंत न्यायचा प्रयत्न करतात. आणि सोललेल्या, उघड्या जखमेवर ताजं विष लागलं तर ते मात्र आत जाऊ शकतं, आणि आधी आपलंच मांस खातं.

मग यात आशा आहे का?

आहे, आणि मी ती मनापासून बाळगते. घरात कुणाची बीपीची जुनी औषधं असतील तर कॅप्टोप्रिलचं नाव पाहिलेलं असेल. ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषाने रक्तदाब कोसळतो. तिथलेच संशोधक सर्जिओ फेरेरा यांनी १९६०च्या दशकात त्यातली पेप्टाइडं, म्हणजे प्रथिनांसारखेच पण छोटे रेणू, ओळखली, लंडनला जॉन वेन यांच्या प्रयोगशाळेत नेली, आणि पुढे अमेरिकेत कुशमन आणि ओंडेटी यांनी त्यावरून लहानसा रेणू रचला. १९८१ मध्ये गोळी मंजूर झाली. त्या गोळीत सापाचा थेंबही नसतो. सापाने फक्त कुलूप कुठे आहे ते दाखवलं, किल्ली माणसांनी घडवली. आपल्या माळरानावर दगडाखाली बसणाऱ्या फुरशाचंही तसंच. त्याच्या विषातल्या एकिस्टॅटिन नावाच्या प्रथिनावरून टायरोफिबॅन हे औषध घडलं, १९९८ मध्ये मंजूर झालं, आणि हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी वाढू नये म्हणून दिलं जातं. घोणशीचं विष तर तपासणीत वापरतात. पुन्हा पुन्हा गर्भपात होणाऱ्या बायांचं रक्त आम्ही इथून मोठ्या लॅबला पाठवायचो, तिथे एका चाचणीत घोणशीचं पातळ केलेलं विष घालून रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते मोजतात.

लिशमॅनियाला नव्या औषधाची गरजही खरीच आहे. जुनं औषध अँटिमनीचं. शिरेतून किंवा स्नायूत द्यायचं तर वीस-वीस दिवस रोज टोचावं लागतं, हृदयावर, स्वादुपिंडावर लक्ष ठेवावं लागतं. बिहारमध्ये काळ्या आजाराचा परजीवी त्याला दादच देईनासा झाला. मिल्टेफोसिन तोंडाने घेता येतं, पण गर्भाला घातक, म्हणून गरोदर बाईला देत नाहीत. अँफोटेरिसिन आहे, पण ते दवाखान्यात दाखल करून. तेव्हा ब्राझीलचे लोक साप घेऊन बसले आहेत ते उगाच नाही. साप आणि रोग दोन्ही त्यांच्याच अंगणात आहेत.

तेल लावून झालं असेल तर

साध्या साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवा, घासू नका. स्वच्छ कोरडं फडकं सैल बांधा. वर हळद, चुना, टूथपेस्ट, तंबाखू काही नको. बाटली फेकू नका, डॉक्टरकडे बरोबर न्या, आणि लावलं हे लपवू नका. भाचा लपवणार होता, "ओरडतीन" म्हणून. चट्ट्याभोवतीची लाली वाढत चालली, ताप आला, काखेत गाठ आली तर त्याच दिवशी जा.

साप पकडून विष काढायचा विचारही कुणी करू नये. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि सातपुड्याच्या पायथ्याला राहणाऱ्या माणसाला दंशाने काय होतं ते मी सांगायला नको.

भाच्याचं पुढे काय झालं

सोललेलं कातडं भरायला दहा-बारा दिवस गेले, तोवर खरा उपचार थांबला. ही त्या बाटलीची खरी किंमत. मग सोडियम स्टिबोग्लुकोनेट, म्हणजे तेच जुनं अँटिमनीचं औषध, थेट जखमेच्या कडेत टोचलं. सुई आडवी घालून, कड पांढरी पडेपर्यंत औषध सोडायचं, चारी बाजूंनी. दुखतं. पहिल्या वेळी त्याने माझा हात असा आवळला की बांगडी पिचकली. आठवड्याला एकदा, असं सहा वेळा. एकच छोटी जखम असली की औषध असं जागेवरच देता येतं, सगळ्या अंगात न्यावं लागत नाही. बिकानेरच्या डॉक्टरांनी रेडिओफ्रिक्वेन्सीच्या, म्हणजे रेडिओलहरींनी उष्णता देणाऱ्या, यंत्राने जखम ५० अंशांवर तीस सेकंद तापवूनही उपचार केले आहेत, कारण हा परजीवी उष्णता सोसत नाही. पण ते त्या यंत्रानेच करायचं. घरी चमचा तापवून डाग द्यायचा नाही, हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे डाग देणारे अजून आहेत.

चौथ्या सुईनंतर रविवारच्या फोटोत जखम नाण्याच्या आत गेली. दिवाळीला खपली पडली. आता तिथे खोलगट, फिकट व्रण आहे, तो राहणार.

त्याने तो फोटो बिकानेरला असलेल्या सोबत्यांना पाठवला. दोघांनी उलट फोटो पाठवले, एकाच्या गालावर, एकाच्या पायावर तशीच पुळी. तिथल्या मोठ्या दवाखान्यात हा रोग रोज पाहतात, तिथेच जा, असं त्याने त्यांना बजावलं. आणि झोपायचं कसं तेही सांगितलं: वाळूमाशी फार उंच उडत नाही, तेव्हा जमिनीवर अंथरूण टाकू नका, खाट घ्या, जमलं तर गच्चीवर झोपा. नेहमीच्या मच्छरदाणीच्या भोकातून ती आत येते, म्हणून कीटकनाशक लावलेली किंवा बारीक जाळीची घ्या. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. ठेकेदाराने सहा खाटा आणून दिल्या. अजून आठ जण खाली झोपतात, त्यांच्यासाठी याचा पाठपुरावा चालू आहे.